नाणेसंग्रहाचा वारसा : प्रस्तावना

ज्या पिढीने चवली, पावली आणि अधेली रोजच्या बाजारहाटात हाताळली ती पिढी आता वार्धक्याला पोचली आहे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धतीबरोबर आलेले नवे पैसे ज्या मुलांनी खाऊसाठी मुठीत धरून नेले त्यांचेही केस पिकले आहेत. आणि आज जे मूल वडिलांच्या बोटाला धरून वाण्याच्या दुकानात जाते, त्याला तेथे पैसे चुकते झालेले कळतात ते मोबाइलमधून आलेल्या आवाजावरून, गल्ल्यात पडलेल्या नाण्याच्या खणखणाटावरून नव्हे. नाणेसंग्रहाच्या छंदाचे पुढे काय होणार, हा प्रश्न संग्राहकांच्या बैठकींतून अलीकडे वारंवार निघतो तो याच कारणाने. या छंदाचे महाद्वार आजवर सुटे पैसे हेच होते. परत मिळालेल्या मोडीत एखादा अनोळखी छाप दिसावा, तो खर्ची न घालता बाजूला ठेवावा, चार दिवसांनी त्याच्याशी जुळणारा पण वर्षाने किंवा चिन्हाने किंचित निराळा असा दुसरा हाती यावा, आणि दहा-बारा वर्षांच्या जीवाला त्या दोहोंतील भेदाचे कोडे पडावे, असाच बहुतेक संग्राहकांचा आरंभ झालेला आहे. दाम मोजून नाणे विकत घेण्याचा योग पुढे, हातात स्वतःची मिळकत आल्यावर. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआय व्यवस्थेने हे महाद्वार अर्धेअधिक मिटले. त्या व्यवस्थेची सोय मोठी आहे आणि तिच्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु छंदाचा प्रवेश यापुढे कोणत्या वाटेने व्हावा, याचा विचार ज्यांनी या छंदात आयुष्य घालवले त्यांनीच केला पाहिजे, आणि प्रस्तुत पुस्तकाचा खटाटोप त्या विचारातूनच झालेला आहे.

सुट्या पैशांतून संग्रह घडण्याचा तो काळ किती समृद्ध होता, हे नव्या वाचकास थोडक्यात सांगितले पाहिजे. कंपनी सरकारने १८३५ साली १८० ग्रेन वजनाचा, म्हणजे तोळाभराचा, रुपया आपल्या सर्व मुलखासाठी एकसारखा केला. त्या रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे आणि एकशे ब्याण्णव पै हा हिशेब शतकाहून अधिक काळ टिकला. आणि त्या अवधीत राजे पालटले तरी जुनी नाणी एकदम रद्द होत नसल्यामुळे एकाच मुठीत दोन-तीन राजवटींचे मुखवटे सहज सापडत. १९११ सालच्या रुपयावर पाचव्या जॉर्जच्या झग्यातील हत्ती लोकांना डुकरासारखा भासला, त्याचा बोभाटा झाला आणि सरकारला तो ठसा पुढच्या वर्षी सुधारून घ्यावा लागला; १९४० मध्ये युद्धाच्या ओढीने रुपयातील चांदी निम्म्यावर आली; १९४३ पासून तांब्याची बचत करण्यासाठी मध्ये भोक पाडलेला पैसा निघाला; १९४७ साली रुपया निव्वळ निकेलचा झाला. स्वातंत्र्यानंतर हा ओघ आटला नाही. १९६४ साली नेहरूंच्या निधनानंतर त्यांच्या मुखचित्राचे पहिले स्मारक नाणे आले, त्याच सुमारास तीन पैशांचे ॲल्युमिनियमचे षट्कोनी नाणे आले, १९६८ मध्ये कमळाचे पिवळे वीस पैसे आले. आणि मुंबईच्या टांकसाळीचा चौकटीसारखा हिरा, हैदराबादची चांदणी, नोएडाचा ठिपका व कोलकात्याचे निश्चिन्ह नाणे यांची ओळख पटली की साध्या रुपयाचेही एका वर्षाचे चार निरनिराळे नमुने जमविण्याचा नाद लागे. पंचवीस पैसे आणि त्याखालची सर्व नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, तेव्हा या शिडीच्या खालच्या पायऱ्या निखळल्या असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरे प्रवेशद्वार घरातच असे. लक्ष्मीपूजनाच्या ताटात ठेवावयाचे चांदीचे रुपये, देवघरातल्या डबीतली एखादी झिजलेली शिवराई, आजीच्या पुतळ्यांच्या माळेतली नाणी, पणजोबांच्या हिशेबाच्या वहीत कागदात गुंडाळलेला कोणत्यातरी संस्थानचा पैसा, हा ऐवज महाराष्ट्रातील असंख्य कुटुंबांत होता आणि अद्यापही आहे. माळेत ओवण्यासाठी कडी लावलेल्या किंवा भोक पाडलेल्या नाण्याचे बाजारमूल्य संग्राहकांच्या दृष्टीने कमी होते, हे खरे. पण त्या कडीमुळेच ते सोनाराच्या मुशीतून वाचले, हेही तितकेच खरे, आणि मला अशा नाण्याविषयी नेहमीच विशेष ममत्व वाटत आले आहे. याच देवघरांतून मात्र एक अनर्थ पिढ्यान्‌पिढ्या घडत असतो. सणावाराला तांब्याची भांडी उजळताना त्यांच्याबरोबर नाण्यांनाही चिंच, आमसूल किंवा राख लावून घासले जाते. दोनशे वर्षांत धातूवर चढलेला जो संथ, गडद थर नाण्याचे हवेपासून रक्षण करतो तो एका सकाळी निघून जातो, त्याबरोबर अक्षरांच्या कडा झिजतात, आणि नाणे लखलखीत होऊन मुके होते. घरातील मंडळींना हे समजावून सांगणे हे संग्राहकाचे पहिले कर्तव्य होय. आणि ते रागाने न सांगता प्रेमाने सांगितले, तर पुढल्या दिवाळीला ती नाणी मऊ कोरड्या फडक्याने पुसून ताटात मांडली जातात.

परंतु हे सर्व छंदाच्या बाह्यांगाविषयी झाले. या छंदाचे प्रयोजन काय, तो कशासाठी टिकावा, या प्रश्नाचे उत्तर मला दोन गोष्टींत सापडते, आणि त्या दोन्ही गोष्टी आपल्याच मुलखाच्या आहेत.

पहिली गोष्ट नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभीची. १९०६ साली तेथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यात तेरा हजारांहून अधिक नाणी होती, ती सर्व क्षहरात क्षत्रप नहपान याची. आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा मारलेला होता, नहपानाच्या चेहऱ्यावर आपल्या पर्वताचे व उज्जयिनी चिन्हाचे छाप उमटविलेले होते. गौतमीपुत्राने क्षहरातांचे कूळ निपटून काढल्याचे त्याची माता गौतमी बलश्री हिने नाशिकच्या लेण्यातील लेखात कोरून ठेवलेच होते. पण मातेच्या अभिमानाने लिहिलेले वचन आणि जिंकलेल्या राजाच्या चलनावर हजारो वेळा पडलेला हातोडा, यांत पुराव्याच्या दृष्टीने महदंतर आहे. या साठ्यातून निष्कर्ष निघाला तो एकेका नाण्याच्या सौंदर्यामुळे नव्हे. साठा कोठे सापडला हे ठाऊक होते, त्यात काय काय होते व काय नव्हते हे मोजले गेले, किती नाण्यांवर दुसरा ठसा आहे आणि कितींवर नाही याची नोंद झाली, म्हणून तो इतिहासाचा दस्तऐवज ठरला. तीच नाणी सराफाकडे तोळ्यावारी विकली गेली असती आणि त्यांतील पाच-पन्नास पुढे सुंदर पेट्यांतून संग्राहकांकडे पोचली असती, तर त्या संग्राहकांच्या नातवंडांना चांदी मिळाली असती, पुरावा मिळाला नसता.

दुसरी गोष्ट दामोदर धर्मानंद कोसंबी यांची. १९०७ साली गोव्यातील कोसबें येथे जन्मलेला हा गणिती पुण्यात अध्यापन करीत असताना नाण्यांकडे वळला तो संख्याशास्त्राच्या वाटेने. तक्षशिलेच्या साठ्यांतील आहत, म्हणजे ठसे ठोकून केलेली, नाणी त्याने एकेक करून सूक्ष्म तराजूवर तोलली. त्याचे म्हणणे असे की प्रत्येक हातबदलाबरोबर नाणे अणुमात्र झिजते, म्हणून पुरेशा मोठ्या समूहाचे वजन पाहिले तर कोणते नाणे किती काळ बाजारात फिरले हे सांगता आले पाहिजे, आणि आहत नाण्यांच्या मागच्या बाजूला वेळोवेळी उमटविलेल्या बारीक खुणांची संख्या जसजशी वाढते तसतसे वजन घटत जाते असे त्याला दिसून आले. या अनुमानाची शहानिशा करण्यासाठी त्याने जे केले ते माझ्या मते या छंदाच्या इतिहासातील अत्यंत उदात्त कृत्यांपैकी एक आहे: त्याने आपल्या काळातील चलनी नाणी, जी कोणाही माणसाच्या खिशात खुळखुळत होती, ती हजारोंनी तोलून काढली, कारण त्यांच्यावर वर्ष छापलेले असते आणि म्हणून त्यांच्या झिजेचा वेग ताडून पाहता येतो. दुर्मीळ नाणे मिळविण्याची ऐपत ज्याला नाही त्या मुलालाही शास्त्राच्या दारात उभे राहण्याचा अधिकार आहे, हे कोसंबींनी सिद्ध केले. साधा डिजिटल वजनकाटा आता जवळजवळ कोणाच्याही आवाक्यात आला आहे. दहा वर्षे चाललेल्या पाच रुपयांच्या शंभर नाण्यांचे वजन करून त्यांची वर्षवार मांडणी करणे हा शाळेतील मुलाला सहज करता येण्याजोगा, आणि खराखुरा, प्रयोग आहे.

या दोन गोष्टींतून माझे मत असे बनले आहे की पुढच्या पिढीकडे जे जावयाचे ते नाणे नव्हे, नाण्याची नोंद होय. नोंदीसह नाणे गेले तर उत्तम, परंतु नोंदीवाचून गेलेल्या नाण्यापेक्षा नाण्यावाचून गेलेली नोंदही अधिक मोलाची. हे विधान कित्येक संग्राहकांना रुचणार नाही. पण शिवराईचाच दाखला घ्या. १६७४ मध्ये रायगडावर शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. त्या सार्वभौमत्वाची साक्ष देणारे सोन्याचे होन आज अत्यंत थोडे आढळतात, पण एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरे असलेला तांब्याचा पैसा महाराजांच्या नंतरही पिढ्यान्‌पिढ्या पाडला गेला, पेशवाईत चालला, आणि इंग्रजी अंमल बसल्यावरही एकोणिसाव्या शतकात खेड्यापाड्यांच्या बाजारांत बराच काळ फिरत राहिला. तो एका टांकसाळीत पाडलेला नव्हे. मराठी राज्यात टांकसाळीचा मक्ता देण्याची वहिवाट होती. ठसे कोरणारे हात निराळे, त्यांचे शुद्धलेखन निराळे, कोठे ‘शिव’ कोठे ‘सिव’, कोठे ऱ्हस्व कोठे दीर्घ, कोठे ओळींमध्ये दोन आडव्या रेघा, ज्यामुळे ती दुदांडी शिवराई म्हणून ओळखली जाते, कोठे चंद्रसूर्य, कोठे नुसते ठिपके. यांतील कोणता प्रकार कोणत्या मुलखातला, हे ठरविण्याचे साधन एकच: तो कोणत्या गावी, कोणत्या घरी, कोणत्या नाण्यांच्या सोबतीने मिळाला याची माहिती. आणि नेमकी हीच माहिती विकणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या घाईत गळून पडते. रुपयांचीही तीच गत. दिल्लीच्या बादशहाच्या नावाने पाडलेले पण मराठी अमलातले पुण्याचे अंकुशी, चांदवडचे चांदवडी, बागलकोटचे मल्हारशाही असे नानाविध रुपये एकाच बाजारात येत, सराफ त्यांची पारख करून बट्टा ठरवीत, आणि त्या बट्ट्याचे दर जुन्या दप्तरांतल्या हिशेबांत ठिकठिकाणी नमूद आहेत. न्यायमूर्ती रानडे यांनी मराठ्यांच्या टांकसाळी व चलन यांवर गेल्या शतकाच्या आरंभापूर्वीच निबंध लिहून या अभ्यासाची वाट दाखविली. १९८९ साली विगिन्स व माहेश्वरी यांचा मराठा टांकसाळींवरील ग्रंथ नाशिकजवळच्या अंजनेरी येथील नाणकशास्त्र संस्थेतून बाहेर पडला. अशा ग्रंथांना आधार पुरविला तो कित्येक खाजगी संग्रहांनी. आणि जे संग्रह व्यवस्थित नोंदलेले नव्हते त्यांचा उपयोग तेवढा कमी झाला.

आता वारशाचा व्यावहारिक भाग. संग्राहक बहुधा एकांडा असतो. पेटीच्या किल्ल्या त्याच्याकडे, नाण्यांची ओळख त्याच्या डोक्यात, आणि घरच्यांना एवढेच ठाऊक की निवृत्तिवेतनातला काही भाग त्या पेटीत जातो. तो गेल्यावर पेटी उघडते तेव्हा मुलांपुढे दोन हजार नाणी असतात आणि एकही चिठ्ठी नसते. मग जे होते त्याबद्दल मुलांना दोष देणे अन्यायाचे आहे. याउलट, पुराणवस्तूंचे अभ्यासक पंडित भगवानलाल इंद्रजी हे १८८८ मध्ये मुंबईत वारले, तेव्हा त्यांनी आपला नाण्यांचा संग्रह मृत्युपत्राने ब्रिटिश संग्रहालयास दिलेला होता. पश्चिम क्षत्रपांच्या नाण्यांवरील त्यांचा निबंध त्यांच्या मागे इंग्रज नाणकतज्ज्ञ रॅप्सन यांनी संपादून १८९० मध्ये प्रसिद्ध केला. नाणी परदेशी गेली याची हळहळ मला आहे, आणि ती लपविण्याचे कारण नाही. परंतु विद्वानाचे टिपण व त्याची नाणी ही दोन्ही एकमेकांना धरून राहिली म्हणून त्यांचे काम पुढच्या पिढीला उपयोगी पडले. आज आपल्याकडे भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे, अंजनेरीची संस्था आहे, रिझर्व्ह बँकेचे नाणे-संग्रहालय आहे. तेव्हा घरात वारस नसल्यास संग्रह बाहेर जाण्याची आवश्यकता राहिलेली नाही.

कायद्याचाही येथे संबंध येतो. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली येते, आणि ते देशाबाहेर नेण्याचा अधिकार केंद्र सरकार व त्याने नेमलेल्या अधिकृत संस्थेवाचून कोणासही नाही. ज्यांची मुले अमेरिकेत, इंग्लंडात किंवा आखातात स्थायिक झाली आहेत अशा मराठी संग्राहकांनी हे हयातीतच ध्यानात घ्यावे. वडिलांची शिवराई सामानात घालून नेता येत नाही. जमिनीत पुरलेला दफिना सापडल्यास १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीच्या सर्व ठेव्यांची वर्दी कलेक्टरास देणे बंधनकारक आहे. लोकांत असा समज पसरलेला आहे की वर्दी दिली म्हणजे सर्व काही जप्त होते आणि वर गावभर चौकशी. वस्तुतः त्या मूळ कायद्यात शोधणाराचा व जमीनमालकाचा हिस्सा मान्य केलेला आहे. नांगराच्या फाळाला लागलेला साठा रातोरात फोडून चार गावच्या बाजारांत विकला जातो तेव्हा एक जोगळटेंभी नाहीशी होते, ही जाणीव शेतकऱ्याइतकीच त्याच्याकडून नाणे घेणाऱ्या संग्राहकालाही असली पाहिजे, किंबहुना अधिक.

बाजाराविषयी फार लिहिण्याची इच्छा नाही, पण एक इशारा दिल्यावाचून गत्यंतर नाही. तरुण मुले आज या छंदाकडे येतात ती पुष्कळदा ‘हे नाणे तुमच्याकडे असेल तर लाखो रुपये मिळतील’ अशा चित्रफितींच्या वाटेने. रामदरबार किंवा हनुमान यांची चित्रे व १८१८ हे साल छापलेले ‘ईस्ट इंडिया कंपनीचे’ म्हणून जे पितळी तुकडे घरोघर जपून ठेवलेले असतात, ते कंपनीने कधीही पाडलेले नव्हेत; ते अलीकडच्या काळात बनविलेले आहेत. जुनी नाणी विकून देण्याच्या मिषाने शुल्क व कर मागणारे लोक रिझर्व्ह बँकेचे नाव व बोधचिन्ह वापरतात, तेव्हा त्यांना बळी पडू नका, अशी जाहीर सूचना त्या बँकेला ऑगस्ट २०२१ मध्ये काढावी लागली. लोभाने आलेला मुलगा पहिल्या फसवणुकीबरोबर निघून जातो. जिज्ञासेने आलेला राहतो. म्हणून त्याच्या हाती पहिले नाणे देताना त्याची किंमत सांगू नये, त्यावरील अक्षरे त्याला वाचावयास लावावी.

आणि अशी मुले आहेत. सुटे पैसे कमी झाले तरी आजच्या मुलाला जे साधन उपलब्ध आहे ते आमच्या पिढीला स्वप्नातही नव्हते: परदेशी संग्रहालयांतील नाण्यांची छायाचित्रे घरबसल्या पाहता येतात, मोबाइलच्या कॅमेऱ्याने अक्षराची एकेक कड मोठी करून दुसऱ्या जिल्ह्यातील अभ्यासकाला क्षणात दाखविता येते, आणि एकाच ठशातून निघालेली दोन नाणी, एक साताऱ्यात व एक नागपुरात, परस्परांशी ताडून पाहण्यासाठी कोणालाही प्रवास करावा लागत नाही. ठशांच्या या तुलनेतून शिवराईच्या टांकसाळींचा जो प्रश्न आम्ही अर्धवट सोडला तो ही मुले सोडवतील, असा मला भरवसा वाटतो. त्यांच्यापैकी काहींच्या घरी एकही जुने नाणे नाही. ती इतरांच्या नाण्यांची छायाचित्रे जमवितात, आणि मी त्यांना संग्राहकच म्हणतो.

पुस्तकाची मांडणी याच धोरणाने केली आहे. नाणकशास्त्राचे ग्रंथ सामान्यतः आहत नाण्यांपासून निघून आपल्या काळापर्यंत येतात. येथे क्रम उलटा ठेवला आहे. आरंभ आजच्या चलनापासून केला आहे, कारण १९९० चा आंबेडकरांच्या मुखचित्राचा रुपया किंवा १९९९ चे शिवछत्रपतींचे दोन रुपये अजूनही एखाद्याच्या गल्ल्यात सापडू शकतात. तेथून दशमानपूर्व नाणी, संस्थाने, गोव्यातील पोर्तुगीज रुपया व १९५८ मध्ये त्याची जागा घेणारा एस्कुदो, मग मराठी राज्य, आणि शेवटी सातवाहन, अशी वाट मागे मागे जाते. गोव्याचे प्रकरण त्यामानाने लहान झाले आहे. ते विस्ताराने लिहिण्यास पोर्तुगीज कागदपत्रांत मुरलेला माणूस हवा.

शेवटी कोऱ्या नोंदपत्रकाची पाने जोडली आहेत. धातू, ग्रॅममधील वजन, मिलिमीटरमधील व्यास, दोन्ही बाजूंवरील मजकूर जसा दिसतो तसा, शुद्ध न करता, हे रकाने परिचित आहेत. त्यांच्याखाली आणखी तीन आहेत: नाणे कोणत्या गावी मिळाले, त्याच्या सोबत दुसरे काय होते, आणि पुढे ते कोणाकडे जावे. शेवटचा रकाना रिकामा सोडण्याचा मोह होतो. तो आजच भरावा, मग हवा तेव्हा बदलावा. नाणी साध्या प्लास्टिकच्या पिशव्यांत ठेवू नयेत, काही प्रकारच्या प्लास्टिकमुळे तांब्यावर हिरवट चिकट थर धरतो; कागदी पाकीट बरे. नोंद मात्र शाईने न करता पेन्सिलीने करावी, कारण कोकणातल्या आणि गोव्यातल्या पावसाळी दमटीत शाई फुटते आणि पेन्सिलीचे अक्षर राहते.